बोमडिल्याची फुली

1769 साली थोरल्या माधवरावांचा तळ आमच्या मेहकरला पडला होता, नागपूरकर जानोजी भोसल्यांना वठणीवर आणायला. त्या मोहिमेत साडेतीन शहाण्यांतल्या देवाजीपंत चोरघड्यांनी जानोजींना काय कानमंत्र दिला, याच्या गोष्टी ऐकत आम्ही पैनगंगेकाठी वाढलो. पानिपतावर मल्हारराव होळकरांचा गनिमी काव्याचा सल्ला मानला गेला नाही, यावर पोतंभर लिहून झालंय, ते ओलांडतो. मला बोलायचंय ते लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरातांच्या न मानल्या गेलेल्या सल्ल्याबद्दल. चाळीस वर्षं बोलतोय, अजून मन भरलेलं नाही.

कोल्हापूरकडच्या वडगावचा हा माणूस. 1945 साली आराकानात कांगावच्या लढाईत एकाच ब्रिगेडमधल्या तिघा हिंदी पलटणप्रमुखांनी डीएसओ हे शौर्यपदक मिळवलं: थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. 1957 मध्ये लखनौला ईस्टर्न कमांडची सूत्रं थोरातांकडे आली आणि ऑक्टोबर 1959 मध्ये त्यांनी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, चीनपासूनच्या बचावाचा आराखडा वर पाठवला. त्याचा गाभा कुणाही शेतकऱ्याला पटेल असा. मॅकमोहन रेषेवर हट्टाने लढू नका, तिथे टेहळणीपुरती ठाणी ठेवा. शत्रूला डोंगर उतरून येऊ द्या, त्याची रसद ताणली जाऊ द्या. आपली रसद जिथवर पोचते तिथे, बोमडिल्याच्या पट्ट्यात, पाय रोवा. मार्च 1960 मध्ये 'लाल किला' नावाचा सराव घेऊन त्यांनी हा हिशेब वरिष्ठांसमोर मांडूनही दाखवला. तेव्हा सरसेनापती असलेल्या थिमय्यांना पटला, संरक्षणमंत्री कृष्ण मेननांना तो भीती पसरवणारा वाटला. 1961 मध्ये थिमय्या निवृत्त झाले. त्यांनी पुढचे सरसेनापती म्हणून थोरातांचं नाव सुचवलं होतं, नेमणूक थापरांची झाली.

काही पंडित म्हणतात, हा 1962 च्या चीनकडून झालेल्या पराभवानंतर सुचलेला शहाणपणा. अहो, कागदावर 1959 सालची तारीख आहे! दुसरे म्हणतात, फौजच नव्हती तर आराखडा काय चाटायचा? फौज तोकडी होती म्हणूनच तर आराखडा असा होता. भरपूर असती तर कुणीही रेषेवर उभं राहिलं असतं.

20 ऑक्टोबर 1962 ला नामका चू नदीवर घात झाला. मी तेव्हा अकरा वर्षांचा. वडिलांनी वर्तमानपत्रातला नकाशा खळ लावून भिंतीला चिकटवला होता. रेडिओवर ठाणं पडल्याचं ऐकलं की मी पेन्सिलीने फुली मारायचो: तवांग, से ला, बोमडिला. आईने कानातल्या कुड्या संरक्षण निधीला दिल्या. भोकं बुजू नयेत म्हणून तिने कडुनिंबाच्या काड्या घातल्या होत्या, त्या पुढे कित्येक महिने तशाच होत्या.

यशवंतराव चव्हाण मेननांच्या जागी संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले ते याच पडझडीत. सेनापतींना रोज सकाळी समोर बसवून ऐकून घ्यायची पद्धत त्यांनी पाडली, आणि ऐकणं म्हणजे मान डोलावणं नव्हे, हेही ते जाणत. 1965 मध्ये पाकिस्तानशी युद्ध थांबवायच्या वेळी सरसेनापती जनरल चौधरींनी दारूगोळा संपत आल्याचं सांगितलं. नंतर मोजदाद झाली तेव्हा फारच थोडा वापरला गेल्याचं निघालं. सेनापतीचा सल्ला हवाच, पण कोठारात जाऊन पोती मोजणारा माणूसही हवा. 1971 मधल्या माणेकशांच्या सल्ल्याबद्दल मी लिहीत नाही, शाळकरी पोरांनाही ते पाठ आहे.

आता निवृत्त सेनाधिकारी टीव्हीवर रात्रभर ओरडतात, त्यांना कुणी काही विचारत नाही आणि तेही कुणाचं ऐकत नाहीत. तरुणांना थोरातांचं नाव सांगितलं तर कुठले थोरात, असं विचारतात. फार वाईट वाटतं.

1962 च्या पराभवाच्या त्या दिवसांत नेहरूंनी निवृत्त थोरातांना दिल्लीला बोलावून घेतलं. तो आराखडा मला का दाखवला गेला नाही, असं पंतप्रधानांनी विचारलं. थोरातांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की त्याचं उत्तर मेननच देऊ शकतील, एवढंच ते म्हणाले.