ट्रकमालकाच्या वकिलाचा दिवस

सकाळी सात. रायपूरजवळच्या बीरगांवला घरातच ऑफिस असल्यानं पक्षकार चहाआधीच दारात. आजचा गोंदियाचा. उरला औद्योगिक क्षेत्रातून लोखंड भरून निघालेल्या त्याच्या ट्रकच्या केबिनमध्ये गांजा सापडला. ड्रायव्हर आत, ट्रक ठाण्यात.

"साहेब, मी तर घरी होतो. एफआयआरमध्ये माझं नावही नाही. मग गाडी कशी जाईल?"

जाऊ शकते, हेच समजावण्यात पहिला तास जातो. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ६० प्रमाणे माल वाहणारं वाहनही सरकारजमा होतं. इकडे त्याला राजसात म्हणतात. गाडी वाचवायची तर मालकानं सिद्ध करायचं की आपल्याला, आपल्या माणसाला आणि गाडी ज्याच्या ताब्यात होती त्यालाही काही ठाऊक नव्हतं, शिवाय प्रत्येकानं शक्य ती खबरदारी घेतली होती. मेख आहे ती या तिसऱ्या माणसात. ड्रायव्हरच दोषी ठरला, तर घरी बसलेल्या मालकाचा बचाव लंगडा पडतो. मला हे कलम जाचक वाटतं. पण कोर्टात माझ्या वाटण्याला कोण विचारतो? तिथे कागद लागतो.

नऊ वाजता पिशवी रिकामी होते. आरसी, विमा, परमिट, फायनान्सच्या हप्त्यांच्या पावत्या, बिल्टी. ड्रायव्हरच्या लायसन्सची झेरॉक्स आहे, कामावर ठेवल्याचा मात्र एकही कागद नाही. जीपीएसची नोंद मागवतो. गाडी ठरल्या रस्त्यानं चालली होती की मध्येच कुठे वळली, हे तीच सांगेल. मोबाइलवरचे ड्रायव्हरशी झालेले मेसेज पुसू नका, असं दोनदा बजावतो. घाबरलेली माणसं आधी नेमकं तेच करतात.

साडेअकराला रायपूरचं विशेष न्यायालय. अर्ज नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, म्हणजे बीएनएसएसच्या, कलम ४९७ आणि ५०३ खाली, सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करीन या हमीवर, गाडी मिळावी म्हणून. सरकारी वकिलांचं म्हणणं नेहमीचंच : एनडीपीएसच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे गाडीचं काय करायचं ते विल्हेवाट समिती बघेल. याला आता उत्तर आहे. ७ जानेवारी २०२५ ला बिश्वजित डे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की खटला चालू असताना गाडी सोडायला एनडीपीएसमध्ये बंदी नाही. ड्रायव्हर आरोपी असेल तर सहसा सोडू नये, असंही त्याच निकालात आहे, आणि सरकारी वकील ते जोरात वाचतात. मग मी त्याच न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ चा निकाल पुढे करतो. छत्तीसगडहून लोखंडी पत्रे घेऊन तमिळनाडूत राणीपेटला निघालेली लॉरी, ६ किलो गांजा, मालक आरोपी नाही. २०२२ च्या नियमांनी विशेष न्यायालयाचा अधिकार जात नाही, असं न्यायालयानं म्हटलं. आमच्याच रस्त्यावरची केस! आदेश राखून ठेवला जातो.

तीन वाजता ठाण्याच्या आवारात. पंचनाम्याची प्रत हातात धरून टायर मोजतो, स्टेपनी बघतो, बॅटरीचा नंबर टिपतो, फोटो काढतो. ताडपत्री फाटली आहे, एका बाजूचे टायर बसले आहेत. पक्षकार बोनेटवरची धूळ हातानं पुसतो आणि महिन्याचा हप्ता सांगतो. खटला संपेपर्यंत ही गाडी इथेच राहिली तर जिंकून हाती भंगार येईल.

संध्याकाळी सहाला दुसरं प्रकरण, गाडीचं नव्हे, घराचं. मुलगा गांजाच्या केसमध्ये अडकला, आता आईच्या नावचं घर गोठवलंय. हा मामला त्याच एनडीपीएस कायद्याच्या प्रकरण ५-अ मधला, १९८९ साली घातलेला; छत्तीसगडची फाइल मुंबईच्या सफेमा, म्हणजे मालमत्ता जप्तीच्या, प्राधिकाऱ्याकडे जाते. गोठवण्याचा आदेश ३० दिवसांत कायम झाला नाही तर गळून पडतो, म्हणून आधी तारखा तपासतो. पैसा कष्टाचा होता हे दाखवायचं ओझं आईवरच. बाईंकडे जुनं बँक पासबुक आहे, भिशीची वही आहे. दोन्ही ठेवून घेतो.

ट्रकमालकांना एवढंच सांगणं : ड्रायव्हर ठेवताना लेखी ठेवा, जीपीएस चालू ठेवा. गाडी धरली तर सुनावणीशिवाय ती सरकारजमा करता येत नाही, कलम ६३ तुमच्या बाजूनं आहे. त्या तारखेला हजर राहा. आणि घर-मालमत्तेबद्दल मुंबईच्या प्राधिकाऱ्याचं पाकीट आलं तर हाती पडल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवा. जप्तीच्या आदेशावर अपिलाला ४५ दिवस मिळतात.