दोघांनी उघडायचं दार

भालकीत, औरादमध्ये किंवा बसवकल्याणला राहणाऱ्या तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरात मराठी असते, शाळेत कन्नड आणि बाजारात दखनी. मुद्दाम कुणी शिकवायला बसत नाही, तरी पाच वर्षांचं पोर तिन्ही भाषांत भांडून येतं! हे जमतं कसं? त्याचं उत्तर मेंदूतल्या एका बारीकशा फटीत आहे. मला विचाराल तर अख्ख्या शरीरात तिच्याइतकी भारी जागा दुसरी नाही.

समजा, घरात दहा-अकरा महिन्यांचं बाळ आहे. शेजारच्या अक्का पाण्याचा पेला पुढे करतात आणि कन्नडमध्ये म्हणतात, "नीरु." पहिल्यांदा बाळाला तो नुसता एक आवाज असतो. मग पुन्हा पेला, पुन्हा नीरु. असं होता होता एक दिवस अक्का नुसतंच "नीरु" म्हणतात आणि बाळाची मान गर्रकन पेल्याकडे वळते. म्हणजे त्याच्या डोक्यात काहीतरी बदललं. पण नेमकं काय?

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. पूर्वी शास्त्रज्ञांना वाटायचं, की या सगळ्या एकमेकींत मिसळून गेलेल्या आहेत, एकच सलग जाळं आहे. इटलीच्या कामिलो गॉल्जींचं तसंच मत होतं. पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची छान युक्ती त्यांनीच शोधली होती. तीच युक्ती वापरून स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल तासन् तास पेशींची चित्रं काढत बसले आणि म्हणाले, छे, प्रत्येक पेशी वेगळी आहे! १९०६ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळालं, आणि तेव्हाही दोघांचं एकमत नव्हतं. पुढे १९५०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दोन पेशींमधली फट सरळ दिसलीच. काहाल बरोबर होते.

दोन पेशी जिथे अशा जवळ येतात, त्या जागेला सायनॅप्स म्हणतात. मधली फट इतकी अरुंद, की आपल्या एका केसाच्या जाडीत अशा हजारो फटी शेजारी शेजारी मावतील. पण फट ती फटच. पहिल्या पेशीतून धावत आलेला विजेचा निरोप तिच्या काठाशी थांबतो. मग ती पेशी रसायनाच्या इवल्या पिशव्या फटीत रिकाम्या करते. आठवणींच्या कामात हे रसायन बहुतेक वेळा ग्लुटामेट असतं. पलीकडच्या पेशीवर ते झेलायला रिसेप्टर बसलेले असतात. हे सगळं घडायला सेकंदाचा हजारावा भाग लागतो, फार तर दोन-तीन.

आता खरी गंमत ऐका. ग्लुटामेट झेलणारे रिसेप्टर एका जातीचे नसतात. त्यातल्या दोघांची नावं लक्षात ठेवा: अँपा आणि एनएमडीए. अँपा साधा भोळा. ग्लुटामेट आलं की तो लगेच उघडतो, सोडियमचे कण आत घेतो आणि पेशीला थोडासा धक्का बसतो. एनएमडीए मात्र हट्टी आहे. ग्लुटामेट येऊन चिकटलं तरी त्याच्यातून काही आत जात नाही, कारण त्याच्या वाटेत मॅग्नेशियमचा एक कण अडकून बसलेला असतो.

जुन्या वाड्याचं मोठं दार पाहिलंय ना? बाहेरून कितीही कडी वाजवा, आतून कुणी उठून अडसर काढल्याशिवाय ते उघडत नाही. आणि बाहेर कुणी आलेलंच नसेल, तर आतला माणूस तरी कशाला उठेल? एनएमडीएचं अगदी असंच आहे. बाहेरून ग्लुटामेट यायला हवं आणि त्याच क्षणी आतली पेशीही चांगली जागी झालेली हवी.

पेशी आतून जागी होते म्हणजे काय? एरवी तिच्या आतल्या बाजूला ऋण प्रभार असतो. मॅग्नेशियमचा कण धन प्रभाराचा, त्यामुळे तो आत ओढला जातो आणि मधेच अडकतो. पण पेला दिसल्याचे निरोप आणि "नीरु" ऐकल्याचे निरोप एकाच वेळी एकाच पेशीवर येऊन आदळले, की अँपामधून भराभर सोडियम आत शिरतं. आतला ऋणपणा कमी होतो, मॅग्नेशियमची ओढ सुटते आणि ते बाजूला होतं. दार उघडलं! आता आत शिरतं कॅल्शियम. हाडांतलं, दुधातलं तेच कॅल्शियम, पण इथे त्याचं काम निरोप्याचं. ते आत जाऊन सांगतं, ही जोडी महत्त्वाची आहे. मग पेशी त्या सायनॅप्सवर जादा अँपा रिसेप्टर आणून बसवते. पुढच्या वेळी तेवढ्याच ग्लुटामेटने जास्त जोराचा धक्का बसतो. नुसत्या "नीरु"वर मान वळते ती अशी!

कॅनडाचे डोनाल्ड हेब यांनी १९४९ सालीच असा तर्क केला होता, की ज्या पेशी मिळून काम करतात त्यांच्यामधली जोडणी घट्ट होत असणार. १९७३ मध्ये टिम ब्लिस आणि तेरिये लोमो यांनी सशाच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात, अशी घट्ट झालेली जोडणी तासन् तास टिकते हे मोजून दाखवलं. मॅग्नेशियमचा अडसर सापडला १९८४ मध्ये. दोनच वर्षांनी रिचर्ड मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना दुधाळ पाण्याच्या टाकीत पोहायला सोडलं. पाण्याखाली उभं राहण्यापुरती एक जागा लपवलेली होती. साधे उंदीर ती जागा काही फेऱ्यांत शिकले. ज्यांचे एनएमडीए रिसेप्टर औषधाने बंद केले होते, ते पोहत नीट होते, पण जागा काही त्यांच्या ध्यानात राहीना.

आणि लहान बाळांची तर चंगळच असते. त्यांच्या एनएमडीए रिसेप्टरांमध्ये असा प्रकार जास्त असतो, जो उघडला की जरा जास्त वेळ उघडा राहतो. दोन गोष्टी थोड्या मागेपुढे झाल्या तरी त्यांची जोडी जमते. वाढत्या वयात तो प्रकार कमी होतो. १९९९ मध्ये अमेरिकेत ज्यो त्सियेन यांच्या गटाने मोठ्या उंदरांमध्ये हा लहानपणीचा प्रकार वाढवला, आणि ते उंदीर इतरांपेक्षा चटकन शिकू लागले.

बाळाचे कान किती तयार असतात, तेही सांगते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले दोन आवाज ऐकवले, एक त-सारखा, एक ट-सारखा. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना जवळजवळ कळेनासा झाला, कारण घरात तो फरक कुणी करतच नव्हतं. वापरातल्या जोडण्या टिकतात, बिनवापराच्या मेंदू कमी करत जातो. आता विचार करा, हुमनाबादच्या किंवा आळंदच्या बाळाच्या कानावर पहिल्याच वर्षात किती तऱ्हेचे आवाज पडतात! भाषांच्या अशा सीमेवर जन्मणं ही मला मोठी श्रीमंती वाटते.

ती म्हातारपणीही उपयोगी पडत असावी बरं का. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या ६४८ जणांची माहिती तपासली. २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेली दिसली. कधीच शाळेत न गेलेल्यांमध्येही असा फरक होता! म्हणजे बाजारात, शेतात, शेजाऱ्यांशी बोलताना शिकलेली भाषाही पुस्तकातल्या भाषेइतकीच मोलाची.

लहानपणी घट्ट झालेली जोडणी किती टिकते, हे घरीच पाहता येईल. १९५६ पर्यंत बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हेही हैदराबाद राज्यातच होते आणि तिथल्या शाळांत बराच काळ उर्दू चालत असे. तुमच्या घरात ऐंशीच्या पुढचे आजोबा किंवा पणजोबा असतील, तर त्यांना एक लांबलचक तोंडी बेरीज घाला आणि ओठांकडे नीट लक्ष द्या. ते आकडे कुठल्या भाषेत पुटपुटतात? मराठी, कन्नड की उर्दू? मग त्यांना विचारा, पाढे कुठल्या भाषेत पाठ केले होते. दोन्ही उत्तरं आम्हाला नक्की लिहून पाठवा.