मासे कुणी खाल्ले?

वाशीच्या सागर विहारच्या काठावर रविवारी सकाळी, भरतीची वेळ जुळली तर, पाच-सहा जण तंगूस सोडून बसलेले असतात. मी तुर्भ्याहून सायकलने जातो. गळ टाकायला कमी आणि ऐकायला जास्त. मागच्या पावसाळ्याआधी तिथल्या एका गृहस्थांनी मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. गोव्यातल्या कुठल्याशा खाडीत चार-पाच पाणमांजरे चिखलात बसून मासे फस्त करत होती. "ही जनावरं इथं आली ना, तर उरलेसुरले बोईटही संपतील," ते म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मी तीस वर्षे बाजारात हिशेब लिहिले. प्राणिशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण खर्चाच्या बाजूला कुणाचे नाव टाकायचे याची घाई करू नये, एवढे त्या कामाने शिकवले. म्हणून घरी आल्यावर वही काढली आणि प्रश्न लिहिला : पाण्यातला शिकारी परत आला, तर मासा संपतो का?

आपल्याच खाडीचे खाते

सुरुवात घरापासून करू. ठाण्याची खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब. ठाण्याच्या टोकाला ती उल्हास नदीच्या खाडीला जोडलेली आहे, पण ती वाट अरुंद आणि उथळ. त्यामुळे भरतीबरोबर आत आलेली घाण ओहोटीबरोबर पूर्ण बाहेर जात नाही. पूर्व काठावर ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा उभा राहिला, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, पुढे भराव पडले, दोन्ही काठांवरच्या शहरांचे सांडपाणी आले. सांडपाणी कुजताना पाण्यातला प्राणवायू वापरला जातो आणि माशाचा श्वास कोंडतो. आमच्या वडिलांच्या पिढीतली आगरी-कोळी माणसे जिताडा, शिंगाळा, कोळंबी, चिंबोरी ही नावे रोजच्या जेवणातली म्हणून घेत. आज त्याच काठावर निवटी मिळाली तरी समाधान मानतात. हा सगळा ऱ्हास झाला तेव्हा खाडीत पाणमांजरांच्या झुंडी नव्हत्या, मगरी नव्हत्या. इथे मासा कमी करणारा शिकारी दाखवायचा म्हटले, तर बोट आपल्याकडेच वळते.

कुणी म्हणेल, आता खाडी सुधारली, रोहित पक्षी येतात. येतात खरे. २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले, २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जाही मिळाला. पण रोहित पक्षी मासे खाऊन जगत नाही. तो चोचीने पाणी गाळून शेवाळ आणि बारीक जीव खातो, आणि सांडपाण्यातल्या खतावर शेवाळ उलट जोमाने वाढते. त्यामुळे रोहित दिसला म्हणजे मासा सुधारला, असा हिशेब जुळत नाही. माशांचा हिशेब तपासायचा तर मासे खाणारा साक्षीदार हवा.

कृष्णेतली मगर

असा साक्षीदार महाराष्ट्रात आहे. सांगली जिल्ह्यात भिलवडी, औदुंबर परिसरात कृष्णेच्या पात्रात मगरी आहेत. महाडजवळ सावित्रीत आहेत, चिपळूणला वाशिष्ठीत आहेत. आपल्या खाडीपलीकडच्या पवई तलावातही गळ टाकणारे आणि मगरी वर्षानुवर्षे एकच पाणी वाटून घेत आले आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७५ मध्ये देशात मगर संवर्धनाचा प्रकल्प सुरू झाला. त्याआधी कातड्यासाठी तिची बेसुमार कत्तल झाली होती.

मगर मासे खाते, यात वाद नाही. प्रश्न किती खाते हा आहे. मगर थंड रक्ताची. अंगाची ऊब राखायला तिला अन्न जाळावे लागत नाही, त्यासाठी ती उन्हात पडून राहते. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात तिचे भागते आणि कित्येक आठवडे ती उपाशी राहू शकते. शिवाय तिच्या ताटात फक्त मासे नसतात. पिल्ले किडे आणि खेकडे खातात. मोठी मगर पक्षी, कुत्री, मेलेली जनावरेही खाते.

याच्या शेजारी दुसरी नोंद ठेवा. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला. दूषित पाण्यामुळे नदीतला प्राणवायू घटला की असे होते. मगर जे थोडे थोडे खाते, ते पाण्याच्या एका फटक्यात गेले. अशा वेळी वीण देणाऱ्या माद्याही मरतात. म्हणजे मुद्दलच जाते.

मात्र कृष्णाकाठच्या माणसाचे भय खोटे नाही. तिथे माणसे दगावली आहेत. मगर फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि राखण करते. तोच काठ वीटभट्ट्यांसाठी उपसला जातो, ऊस पाण्यापर्यंत लावला जातो, मोटारी बसवायला माणूस त्याच जागी उतरतो. मगरीमुळे मासेमाराचे जे नुकसान होते ते मुख्यतः जाळे फाटण्याचे आणि भीतीपोटी पाण्यात न उतरण्याचे असते. नदीतला मासा संपल्याचे ते नुकसान नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच खात्यात लिहिल्या की उपाय चुकतो.

पाणमांजराचा हिशेब

आता त्या चित्रफितीतल्या जनावराकडे येऊ. पाणमांजराला जुन्या मराठीत ऊद म्हणत. संस्कृतातला 'उद्र' आणि इंग्रजीतला 'ऑटर' हे एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. झाडांवर फिरणारे उदमांजर वेगळे, त्याच्याशी गल्लत करू नये. भारतात पाणमांजराच्या तीन जाती आहेत. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या खाड्यांत दिसते ते प्रामुख्याने गुळगुळीत केसांचे पाणमांजर.

याची भूक मोठी आहे. प्रौढ जनावर सात ते अकरा किलोचे आणि रोजचे खाणे साधारण एक किलो. सहा जणांचे कुटुंब धरले तर वर्षाला दोन टनांहून थोडे जास्त. आकडा ऐकून काठावरचे मित्र दचकले. पण हे दोन टन कित्येक किलोमीटर लांबीच्या पाण्यातून, वर्षभरात, थोडे थोडे उचलले जातात. आणि माशाची वीण लक्षात घ्या. एक किलोची रोहूची मादी लाखाच्या वर अंडी घालते. त्यातली बहुतेक पिल्ले पहिल्या वर्षातच जातात, कारण अन्न आणि जागा सगळ्यांना पुरत नाही. शिकाऱ्याने काही खाल्ली तर उरलेल्यांना जास्त खायला मिळते आणि त्यांतली जास्त जगतात. निरोगी नदी हा खड्डा अशा रीतीने बऱ्याच अंशी भरून काढते.

हाच हिशेब तळ्यात मात्र उलटतो. समजा, एखाद्याच्या शेततळ्यात तीनशे किलो मासा आहे. पळायला जागा नाही, लपायला झाडोरा नाही. तेच सहा जणांचे कुटुंब रोज आले तर पन्नास दिवसांत तळे रिकामे. इंग्लंडमध्ये नेमके हेच झाले. तिथली पाणमांजरे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून डिल्ड्रिनसारख्या कीटकनाशकांमुळे झपाट्याने घटली. विष लहान माशातून मोठ्या माशात आणि तिथून शिकाऱ्याच्या अंगात साठत जाते, म्हणून शिकारी सर्वांत आधी जातो आणि सर्वांत शेवटी परततो. ती औषधे बंद झाली, १९७८ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले आणि २०११ मध्ये इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात पाणमांजर परतल्याचे जाहीर झाले. तेव्हा सर्वांत मोठी ओरड झाली ती गळ टाकणाऱ्यांची. त्यांच्या तळ्यांत वर्षानुवर्षे जपलेले, मोठाले कार्प मासे होते. तक्रार रास्त होती आणि उत्तरही सापडले : तळ्यांभोवती कुंपण आणि त्यासाठी अनुदान.

सिंगापूरने १९७७ पासून दहा वर्षे नदी साफ केली. १९९८ मध्ये आपल्याकडचीच जात तिथे परत आली आणि पुढे शहराच्या मध्यभागी वसली. तिथेही भांडण पेटले ते बंगल्यांच्या हौदांतल्या शोभेच्या माशांवरून.

गळाला मासा का लागत नाही

गळ टाकणाऱ्याची आणखी एक तक्रार असते : "शिकारी आला त्या दिवसापासून गळ हलत नाही." हे खरे असू शकते, मासे तेवढेच असले तरी. शिकाऱ्याची चाहूल लागली की मासा खोल पाण्यात, मुळांच्या जाळीत जातो, उघड्यावर चरणे टाळतो. आपल्या टोपलीत कमी आले म्हणजे पाण्यात कमी झाले, असे नाही. अपवादही सांगितला पाहिजे. महसीरसारखा सावकाश वाढणारा मासा आधीच मोजका उरला असेल, तर तिथे शिकाऱ्याचा घासही जड जातो. तिथे लक्ष ठेवायलाच हवे.

आणि परके शिकारी? १९५२ मध्ये तिलापिया आपण आणला. आता तो तलावांत स्थानिक माशांच्या वाट्याचे खातो. परदेशी मांगूर मिळेल ते खाणारा आहे. बंदी असूनही तो चोरून पाळला जातो आणि पुराबरोबर नदीत जातो. हे दोघे आपणच सोडलेले. पण काठावर त्यांच्याविरुद्ध कुणाला तावातावाने बोलताना मी ऐकले नाही.

कुणाचे नुकसान, कुणाचा लाभ

एवढे उलटसुलट तपासल्यावर मला दिसते ते असे. शिकारी परतल्याचा लाभ सगळ्या नदीला मिळतो, पण त्याचा खर्च एकट्या माणसाच्या नावावर पडतो : ज्याचे तळे आहे त्याच्या, ज्याचे जाळे फाटले त्याच्या. गोव्यात खाजण शेतीच्या मानशीवर, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारावर, मासा एकवटतो आणि पाणमांजरही तिथेच येते. आपल्याकडे रायगडात अशा दाराला उघाडी म्हणतात. उघाडीवर जाळे लावणाऱ्याला नदीच्या आरोग्यावरचे व्याख्यान ऐकवून उपयोग नाही. त्याला कुंपण हवे, मजबूत जाळे हवे, नुकसानीचा पंचनामा हवा, मगरीच्या गावात पाण्यात न उतरता पाणी भरता येईल असा घाट हवा. मोठ्या पाण्यासाठी उदाहरण शेजारीच आहे. कर्नाटकाने २०१५ मध्ये तुंगभद्रेचा सुमारे ३४ किलोमीटरचा पट्टा पाणमांजरांसाठी राखीव केला. तीच तुंगभद्रा पुढे आपल्या कृष्णेला मिळते.

हे सगळे मी रविवारी त्या गृहस्थांना सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे ती इथं येणार नाहीत, असंच ना?" मी म्हटले, "एवढ्यात नाही. खायला काय आहे इथं?" ते हसले आणि तंगूस गुंडाळू लागले. त्या दिवशी आम्हा सहा जणांत मिळून दोन शिंगाळे होते. एखादे दिवशी खाडीतून वर आलेले ओले डोके आमच्याकडे पाहील आणि आमचा मासा पळवील, तर मी माझ्या वहीत ती नोंद खर्चाच्या बाजूला लिहीन. आणि समोरच्या पानावर, जमेच्या बाजूला, खाडीत पुन्हा पळवण्याजोगा मासा आहे, असे लिहीन.