सुगंधांची कुळे आणि अत्तराची निवड

गंध हा पृथ्वी महाभूताचा विशेष गुण व घ्राणेंद्रियाचा विषय होय, हे आपण अभ्यासक्रमाच्या आरंभापासून शिकत आलो आहोत. तरीही 'मला आवडेल असे अत्तर द्या' असे ग्राहक म्हणतो, तेव्हा दहा कुप्या त्याच्यापुढे उघडण्यापलीकडे आपल्याकडून फारसे काही होत नाही. लवकरच नाक थकते आणि निवड नावावरून वा किमतीवरून होते. हे टाळण्यास सुगंधांची कुळे उपयोगी पडतात.

वर्गीकरण

सुश्रुतसंहितेतील एलादि गण हा सुगंधी द्रव्यांचाच समूह आहे. प. कृ. गोडे यांनी प्रकाशात आणलेल्या गंगाधरकृत 'गंधसार' ग्रंथात पत्र, पुष्प, फल, त्वचा, काष्ठ, मूळ, निर्यास व प्राणिज असे वर्ग आढळतात. मात्र ही विभागणी द्रव्याच्या अंगावरून आहे. लवंग ही कळी, दालचिनी ही साल, तर जायफळ हे बी. नाकाला मात्र तिन्ही मसाल्याच्या एकाच कुळातील वाटतात. मायकेल एडवर्ड्स यांच्या गंधचक्रात अनुभवावरूनच फुलांचे, अंबराचे, लाकडाचे व ताजे अशी चार मुख्य कुळे मानली आहेत.

आपली सहा कुळे

जेऊर परिसरात परदेशी नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. उटण्याची द्रव्ये व पंढरीचा बुक्का सर्वांच्या परिचयाचे आहेत. सबब आम्ही पुढील मांडणी सुचवितो:

१. पुष्प : गुलाब, मोगरा, केवडा
२. काष्ठ : चंदन, देवदार
३. मूळ व माती : वाळा, नागरमोथा, जटामांसी
४. निर्यास : गुग्गुळ, राळ, ऊद
५. मसाला : लवंग, दालचिनी, वेलदोडा
६. ताजे : लिंबू, संत्र्याची साल, गवती चहा

निवडीची रीत

प्रत्येक कुळातील एक द्रव्य दुकानातील बरणीतून काढून ग्राहकास हुंगण्यास द्यावे. जी दोन आवडतील त्याच कुळांतील अत्तरे दाखवावीत, तीही एका वेळी तीनपेक्षा अधिक नकोत. प्रथम कागदाच्या पट्टीवर, मग मनगटावर थेंब लावून अर्धा तास थांबावे. लिंबू-संत्र्याचा गंध लवकर उडतो, चंदन व निर्यास मागे राहतात. म्हणून पहिल्या क्षणावर निर्णय नको. हिना अत्तरात अनेक द्रव्ये असतात. ते एकाच कुळात बसविण्याचा हट्ट धरू नये. ऋतूचाही विचार व्हावा. ग्रीष्मात चंदन, हेमंतात अगरू हा ऋतुचर्येतील निर्देश येथे मार्गदर्शक ठरतो.

दक्षता

आवडलेला गंध मानवेलच असे नाही. तमकश्वास, अर्धावभेदक वा त्वचेची ॲलर्जी असलेल्या रुग्णाची चौकशी आधी करावी. अत्तर कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस पाहावे. श्वासाच्या रुग्णास बंद खोलीत गंध हुंगण्यास देऊ नये. परंपरेने चंदनतेलावर उतरविलेल्या अत्तराच्या जागी आता अनेकदा पॅराफिन तेल वापरले जाते. म्हणून घटक विचारूनच माल घ्यावा. कस्तुरीमृग १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. 'कस्तुरी' नावाने मिळणारे अत्तर बहुधा कृत्रिम गंधाचे असते, हे ग्राहकास स्पष्ट सांगावे.

अत्तर विकताना रोग बरा करण्याचे आश्वासन देऊ नये. कुळ ओळखून, प्रकृती विचारून दिलेली छोटी कुपी ग्राहकाला आनंद देते आणि वैद्यावरील विश्वास टिकविते.