चूक केवढी, दंड केवढा?

कुणाचा बैल दावे तोडून शेजाऱ्याच्या उसात शिरला, तर मालकाला कोंडवाड्याचे पैसे भरावेच लागतात. ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणून सुटका नाही. पण रात्री मुद्दाम जनावरे घालणाऱ्याला आणि त्याला सारखाच दंड ठोकला, तर आपल्या तळोद्यात कुणी त्याला न्याय म्हणेल काय? परकीय चलनाच्या कायद्यातही प्रश्न हाच आहे.

२८ नोव्हेंबर १९६२ ची गोष्ट. झुरिकहून मनिलाला निघालेले विमान सकाळी सांताक्रूझला उतरले. त्यातल्या मेयर हान्स जॉर्ज या जर्मन उतारूला मुंबईत उतरायचेच नव्हते; तो आपला जागेवर बसून. कस्टमच्या लोकांनी झडती घेतली, तो जाकिटात सोन्याच्या ३४ लगडी, प्रत्येकी सुमारे किलोची! वाटेवरचे सोनेसुद्धा विमानाच्या मालयादीत दाखवावे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम राजपत्रात छापून आला होता २४ नोव्हेंबरला. अवघे चार दिवस आधी. झुरिकमध्ये त्याला तो कोण वाचून दाखवणार?

मॅजिस्ट्रेटने १ वर्षाची कैद दिली. हायकोर्टाने सोडले. सरकार सुप्रीम कोर्टात गेले. १९६४ साली न्या. राजगोपाल अय्यंगार व न्या. मुधोळकर यांनी ठरवले, की नियम माहीत नव्हता हा बचाव चालणार नाही. न्या. सुब्बाराव यांचे मत निराळे पडले. शिक्षा मात्र भोगून झाली तेवढीच पुरे, असे कोर्टाने म्हटले. दोष ठरवणे वेगळे, दोषाचे वजन करणे वेगळे. या निकालात मला मोलाचे वाटते ते हेच.

१९७३ च्या कायद्यात दंड पाचपटीपर्यंत होता, वर तुरुंगही. शिवाय हेतू वाईट नव्हता हे आरोपीनेच दाखवायचे! १ जून २००० पासून ‘फेमा’ लागू झाला. त्यात दंड रकमेच्या तिपटीपर्यंत; रक्कम मोजता येत नसेल तर २ लाखांपर्यंत. या ‘पर्यंत’ शब्दातच सारा न्याय-अन्याय दडलेला आहे बरे का!

समजा, दुबईत नोकरीला असलेल्या मुलाने स्वतःच्या नावे २० लाखांची शेती घेतली. वडिलार्जित शेत त्याला ठेवता येते, पण नवे विकत घेता येत नाही, हे घरात कुणालाच ठाऊक नाही. कायद्याने दंड ६० लाखांपर्यंत जाऊ शकतो. खोटे कागद करून पैसा फिरवणाऱ्याच्या पंक्तीला या पोराला बसवावे काय? माझ्या मते मुळीच नाही. अशांसाठीच रिझर्व्ह बँकेकडे आपणहून चूक कबूल करून, ठरेल ती रक्कम भरून प्रकरण मिटवण्याची सोय आहे. मात्र त्याआधी ते शेत विकून व्यवहार मोकळा करावा लागतो.