खुणेवर परत येणारे चाक

एक गृहस्थ दारातून आत येतात, चार पावले चालतात आणि टेबलावरचे पत्र उचलतात. दृश्य एवढेच, पण व्हिडिओ कॅमेऱ्यामागच्या माणसाची त्यात तारांबळ उडते. 36 मिलिमीटर रुंद संवेदकाच्या कॅमेऱ्यावर 50 मिलिमीटरचे भिंग एफ 2 इतके उघडले, तर 2 मीटर अंतरावर, पुढचे-मागचे मिळून, सुमारे 19 सेंटिमीटर जागा तेवढी स्पष्ट उमटते. नटाचे एक पाऊल पुढे पडले की चेहरा धूसर झालाच. 2008 साली कॅनन 5डी मार्क 2 आला, तेव्हा हौशी मंडळींच्या हाती मोठ्या संवेदकाचा व्हिडिओ आला आणि त्याच्या पाठोपाठ ही अडचणही आली.

नटाच्या पावलागणिक भिंगावरचे अंतराचे कडे फिरवावे, हा तिच्यावरचा उपाय. परंतु कडे बोटांनी धरले की कॅमेरा हलतो. म्हणून कॅमेऱ्याच्या बाजूला एक मूठ बसवितात. तिच्या आसावरचे छोटे दातेरी चाक कड्यावरच्या दात्यांत अडकते व कडे फिरविते. यालाच 'फॉलो फोकस' म्हणतात. ते घरी करता येते. मूठ मऊ फिरली की काम झाले, असा मात्र पुष्कळांचा समज असतो. आमचाही होता.

पहिल्या खेपेस आम्ही रबरी चाक कड्यावर नुसते दाबून बसविले. फिरे अगदी लोण्यासारखे! पण ते घसरत होते, आणि तिसऱ्या तालमीपर्यंत खूण बोटभर सरकली. आमच्या वयोवृद्ध नटांनी पत्र वाचून डोळे पुसले ते एकदाच. त्या वेळी त्यांच्या मागचे कपाट स्पष्ट होते, ते नव्हते.

तेव्हा दाते हवेतच. दातेरी पट्टा, दाते बाहेर करून, कड्याभोवती क्लिपने घट्ट आवळावा व त्याच मापाच्या दात्यांचे चाक आसावर घ्यावे. आस म्हणजे 8 मिलिमीटरचा बोल्ट. तो स्केटच्या चाकातील 608 क्रमांकाच्या दोन बेअरिंगांत बरोबर बसतो. एकाच बेअरिंगवर भागवू नये, आस डुगडुगतो. कड्यावर 120 दाते आणि चाकाला 40 असतील, तर कड्याच्या 90 अंशांना मूठ 270 अंश फिरते. चाक 20 दात्यांचे घेतले, तर मुठीचा दीड फेरा होतो आणि मुठीमागच्या पांढऱ्या चकतीवर एकच खूण दोन अंतरे सांगू लागते!

दात्यांमधला ढिलेपणा हा खरा शत्रू. आसाचा आधार पक्का न ठोकता बिजागरीवर ठेवावा आणि जाड रबराने कड्याकडे ओढून धरावा. दाते एकमेकांत रुतून राहतात. भिंग जुने, हाताने फिरवायचे, दोन्ही टोकांना अडणारे असावे. पुष्कळ नव्या भिंगांचे कडे अखंड फिरते आणि आतल्या मोटरला केवळ सूचना देते. तेथे खुणा टिकण्याची खात्री नाही.

मग भिंतीवर वर्तमानपत्र लावावे. अक्षरे स्पष्ट करून चकतीवर पेन्सिलीने रेघ ओढावी. मूठ एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून त्या रेघेवर आणावी. एका बाजूने अक्षरे ठसठशीत आणि दुसऱ्या बाजूने पुसट दिसली, तर रबर आणखी ताणावे. ते काही महिन्यांत सैल पडते. नटांना बोलावण्याच्या आदल्या दिवशी बदलून घ्यावे.