ओहोटीच्या वेळी रोपांची विचारपूस

कांदळ या खारफुटीच्या झाडाचं बी झाडावर असतानाच रुजतं. फळातून शेंगेसारखा हिरवा कोंब लोंबू लागतो, वाढतो आणि मग गळून चिखलात रुततो किंवा भरतीबरोबर वाहत जातो. इतक्या तयारीनिशी आलेलं रोप सहज जगेल, असं वाटतं. तसं होत नाही. वाहून आलेलं प्लास्टिक त्याला लपेटतं, शेवाळाच्या ओझ्यानं ते वाकतं, खेकडे कोवळा भाग कुरतडतात.

म्हणून खारफुटीच्या अभ्यासात स्वयंसेवक हवेत. ओहोटीची वेळ पाहून चिखलात उतरायचं, प्लास्टिक अलगद सोडवायचं, खूण केलेल्या रोपाची उंची आणि पानं मोजायची, मेलेल्या रोपाचीही नोंद करायची. ही शेवटची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. रोपं कुठं मरतात, यावरून जागा चुकली का ते कळतं. खारफुटी साधारणपणे समुद्राच्या सरासरी पातळीच्या वर वाढते. त्या पातळीखालच्या उघड्या चिखलात लावलेली रोपं फार वेळ पाण्याखाली राहून गुदमरतात.

महाराष्ट्रानं २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला, २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. पण रोपं जगवायला एवढं पुरत नाही. लागवडीच्या दिवशी माणसं येतातच. तुम्ही सहा महिन्यांनी जा, त्याच रोपांपाशी.